टावेल

आबा मानवतच्या मोंढ्यात हमाल होते.
बिल्ला नंबर सत्तेचाळीस, पितळी,
आणि खांद्यावर टावेल.
कधीकाळी पांढरा होता, असं माय सांगते.
मी पाहिला तेव्हा त्याला सरकीचा रंग चढलेला.

नाव लिंबाजी. रेशन कार्डावर, माझ्या दाखल्यावर.
मोंढ्यात सगळे लिंब्याच म्हणायचे,
आडत्याचं आठवीतलं पोरगंसुद्धा.
"लिंब्या, हे पोतं घे."
आबा वळायचे.
इतके पटकन वळायचे की मला वाटायचं
नाव म्हणजे पाठीत बसलेली थाप.

आता मी सहायक निबंधक.
बाजार समितीचं दप्तर तपासायला गेले त्या दिवशी
आबाही आले होते, उगाच,
मी लातूरहून आणलेल्या इस्त्रीच्या शर्टात,
तुरीच्या थप्पीपाशी उभे.
"लिंबाजीराव," सेठ म्हणाले, "या, आत बसा."
आबा वळले नाहीत.
"अहो लिंबाजीराव!"
तेव्हा त्यांनी मागं पाहिलं,
त्या नावाचं आणखी कोण आलंय ते बघायला.

मला सुख झालं का?
झालं. खोटं कशाला बोलू.
मानात काय ठेवलंय, सुख आतून यावं लागतं,
असं मला समजावणारे सगळे
जन्मतःच राव लावून आलेले आहेत.
आबांची मान तीस वर्षांच्या पोत्यांनी
डावीकडं कलली आहे.
मान मिळाला त्या दिवशीही
ती सरळ झाली नाही, एवढंच.

पण थप्पीवर चाँदपाशा बसला होता.
हा पोतं उचलून द्यायचा, आबा पाठीवर घ्यायचे.
दुपारी त्याच टावेलावर दोघं भाकरी सोडायचे,
आणि आबा असे हसायचे
की तूर चाळणाऱ्या बाया चाळण धरून थांबायच्या.
आबांना पाहून तो उठून उभा राहिला.
"बैस की बे," आबा म्हणाले.
"नको साहेब," चाँदपाशा म्हणाला.
गंमत करत होता का, मला कळलं नाही.
आबांनाही कळलं नाही,
हे मात्र कळलं.

परतताना आबा पुढच्या सीटवर.
कोल्हा पाटी येईपर्यंत गप्प.
मग म्हणाले,
"तुह्या खुर्चीला टावेल असतो ना?"
"असतो."
"काहून? घाम येतो का तिथं बसून?"
मी हसले. ते हसले नाहीत,
खरंच विचारत होते.

"येतो आबा," मी म्हणाले.
"पण टावेलाला लागत नाही."

त्यांनी नुसतं हूं केलं.
काच खाली घेतली.
खिडकी डाव्या हाताला होती,
मान आपोआप तिकडं गेली.