हे पाच कशाचं

प्रत रद्दीतली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला
युद्धाच्या काळात पोलंडची माणसं राहायची,
तिथल्या कुणाच्या तरी ट्रंकेतून निघून, फिरत फिरत
अप्पा बळवंत चौकात आलेली, किलोच्या भावात.
सुरांवर पेन्सिलीने बोटांचे आकडे.
एका ठिकाणी पाच गिरवून गिरवून
कागद फाटायला आलाय.

नाच आहे हा. तीन मात्रांचा, मान ताठ ठेवून चालायचा.
नकाशावर देश उरला नव्हता तेव्हा
लोक म्हणे दिवाणखान्यात असे चालायचे,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

फेब्रुवारीपासून मी रास्ता पेठेत, जेवणाच्या टेबलावर,
दहा बोटांचं एक्केचाळीस जणांत वाटप करतोय.
डाव्या हाताचा ठेका, एक लांब, दोन आखूड, मग चार सरळ पावलं,
सेलोला दिला तर बेहरोजबाई म्हणाल्या, चिखल झाला.
ड्रमला दिला तर लक्ष्मी रोड झाला.
शेवटी व्हायोलांना दिला.
त्यांना कुणी कधी काही देत नाही.

आणि पेडल?
पियानोवर पाय दाबला की सूर मागे रेंगाळतात,
कुलूप लावून निघालं तरी आत फोडणीचा वास राहतो तसे.
इथे ब्याऐंशी पाय, त्या कामाचा एकही नाही.
म्हणून हॉर्न. खडकीच्या मिलिटरी बँडमधले दोघे.
"बारा बार एकच सूर? श्वास कधी घ्यायचा, सर?"
आळीपाळीने. एक सोडेल
तेव्हा दुसऱ्याने धरलेला असावा.
नाईक डोळस हसला, "म्हणजे गस्त."
इटालियन शब्द खोडून
मी तिथे तेच लिहिलं.

काल तालमीत हणमंत वडतिले मध्येच थांबला.
लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट,
लिहिलंय ते सगळं वाजवायचं, ही त्याची शिस्त.
"एकोणपन्नासाव्या बारला हे पाच कशाचं?"

नक्कल करताना हातून उतरलेलं.
करंगळी आहे, म्हटलं. कुणातरी पोराची.
मुलगा की मुलगी, ठाऊक नाही. पोचत नसावी.

खोडू का, असं त्याने विचारलं नाही.
पुन्हा सुरू केलं तेव्हा त्या सुरावर
तो किंचित उशिरा आला,
ताणून, जेमतेम.

चूकच होती. डोळसने वर पाहिलं.
माझा हात चालत राहिला.