प्रश्न एकोणीस

सावळजच्या अलीकडं, रस्त्याला लागून,
हिरव्या जाळीचं शेड. आत गंधकाचा उरलेला वास.
मी पिशवीतून छापील तक्ता काढला:
बेचाळीस प्रश्न, शून्य ते चार गुण,
संस्थेची स्वतःचा विकास आखण्याची क्षमता.

अठरापर्यंत भराभर झालं.
नोंदणी आहे. लेखापरीक्षण आहे, दोन वर्षं मागं.
अध्यक्ष द्रौपदाबाई शिरतोडे उत्तरं देताना हात थांबवत नव्हत्या,
काडी वेगळी, काळा वेगळा, हिरवा लांबट वेगळा.
नजर माझ्याकडं, बोटं त्यांच्या कामाला.

एकोणीस: पाच वर्षांचा लेखी आराखडा आहे का?
सचिव जैबुन मुलाणींनी पत्र्याच्या पेटीतून
इतिवृत्ताची वही काढून पुढं सरकवली.

ठराव क्रमांक सात: दुसरं शेड बांधणे. सर्वानुमते.
पुढच्या साली ठराव क्रमांक चार: दुसरं शेड बांधणे.
त्याच्या पुढच्या साली परत.
समासात पेन्सिलीनं कारणं.
दर पडला.
मार्चात गारा.
जागा दोघा भावांची, धाकटा सही देईना.
एका वर्षी नुसतंच: आक्का गेली.
सहा वर्षं तोच ठराव,
लांबी मात्र चाळीस फुटांची पन्नास, पन्नासची साठ होत गेलेली.

"लांबी कमी नाही केलीत कधी?"
"बायका वाढल्या की," जैबुन म्हणाल्या,
जणू माझीच बेरीज चुकली होती.

शून्य म्हणजे आराखडा नाही.
चार म्हणजे आहे, आणि दरवर्षी तपासला जातो.
मधल्या आकड्यांवर माझं पेन घुटमळलं.

द्रौपदाबाईंनी चाळण खाली ठेवली.
"आमाला बी कुठल्या तरी ढिगात टाकायचं असंल न्हवं?
टाका की. पण घाईत प्रत लावली
तर माल माघारी येतो, एवढं ध्येनात ठेवा.
आन तुमच्या संस्थेचं? पाच सालाचं लिवलंय?"

माझा करार मार्चअखेर संपतो.
पुढचं वरून काही कळलेलं नाही.
हे बोललो नाही. चहा घेतला.

निघताना मागं गेलो तर जमिनीवर चुन्याची रेघ,
बाभळीपाशी काटकोनात वळलेली.
पावसात पुसते, पाडव्याला परत मारतात म्हणे.
तीन पोरी तिच्या आत डबा खात बसलेल्या,
चपला रेघेबाहेर काढून.

स्टँडवर एसटीची वाट बघत
एकोणीसपुढं तीन लिहिला.
पेन्सिलीनं.