डुकराचे कान

केपटाऊनच्या फूलबाजारात, स्टेशनपासून चार पावलांवर,
मीएता फेब्रुवारी पत्र्याच्या बादल्या मांडते.
(फेब्रुवारी हे आडनाव. खापरपणजोबाला
जहाजातून उतरवलं त्या महिन्याचं.
खरं नाव विचारायला कुणाला सवड नव्हती.)

बादलीत पांढरी फुलं. लांब देठ, आत पिवळी दांडी,
पाकळी एकच, थंडीत शाल ओढून घ्यावी तशी वळलेली.
दुकानांत त्यांना कॅला लिली म्हणतात.
मीएताच्या घरी म्हणतात डुकराचे कान.
हिवाळी पावसात ती ओढ्याकाठी, गटारात,
डुकरांच्या वाड्यामागे माजतात,
म्हणून असेल. की आकारावरून?
तिने कधी विचार केला नाही.

सकाळी एक मुलगी येते, बोटात नवी अंगठी.
शनिवारी चाळीस हवीत.
'यांचा अर्थ पावित्र्य ना?'
दुपारी एक माणूस, काळा टाय खिशात कोंबलेला.
बारा द्या. 'यांचा अर्थ पुनरुत्थान,
पाद्रीबाबा म्हणाले.'
मीएता दोघांनाही हो म्हणते.
देठ तिरपे कापते, वर्तमानपत्रात गुंडाळते.
भाव दोघांना एकच.

अर्थ तिच्याकडेही आहे, पण तो विकायला काढलेला नाही.

आई म्हणायची, डुकराचे कान दिसले की समज,
खाली पाणी आहे.
कॉन्स्टँशियाच्या उतारावर त्यांचा मळा होता.
आजोबांनी विहीर खणली ती या फुलांच्या शब्दावर.
मग सरकारचा कागद आला, ही जमीन आता गोऱ्यांची.
लॉरीत पलंग, चूल, दोन कोंबड्या
आणि आईच्या एप्रनच्या खिशात चिखलाने माखलेला एक कंद.

जिथे उतरवलं त्या वस्तीचं नाव लॅव्हेंडर हिल.
लॅव्हेंडर नाही. टेकडीही नाही.
वाळू, आणि ती दाराखालून आत लोटणारा वारा.
आईने कंद रंगाच्या रिकाम्या डब्यात पुरला,
भांड्यांचं धुवण रोज त्यालाच.
तीन वर्षं नुसती पानं.

पानं कुणी विकत घेत नाही.
दिसतात आमच्याकडच्या अळवासारखी, कूळही तेच.
फरक इतकाच, अळवावरचं पाणी घरंगळून जातं,
हे पान पहाटे स्वतःच्या टोकाशी
आतला एक थेंब धरून असतं.
आई ते विस्तवावर शेकायची, मऊ झालं की
मीएताच्या कपाळावर.
ताप, गालगुंड, डोकेदुखी,
बापाने मारलं तो दिवस.
सगळ्याला तेच पान.

एकदा बागेतल्या एका बाईने सांगितलं,
ही पांढरी पाकळी नाहीच मुळी,
तेही एक पानच आहे, रंग बदललेलं.
खरी फुलं त्या पिवळ्या दांडीवर,
टाचणीच्या डोक्याएवढी.
मीएता हसत सुटली.
म्हणजे चाळीस वर्षं मी पानंच विकतेय!

आई गेली ऑगस्टमध्ये, ऐन फुलांच्या दिवसांत.
शेजाऱ्यांनी शवपेटी पांढरीशुभ्र करून टाकली.
मीएता स्वयंपाकघरात गेली,
गॅसवर एक पान शेकलं,
आणून कपाळावर ठेवलं.
ते निवेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही.
मग म्हणाली, लावा झाकण.

शनिवारी पहाटे ती चाळीस मोजून बांधते आहे.
अडतीस, एकोणचाळीस.
चाळिसाव्यात, दांडीला पाठ टेकून,
नखाएवढा बेडूक.
फुलासारखाच गोरा, डोळे मिटलेले.
मोटारीने दोन तास आला असेल,
खाली पाणी आहे या भरवशावर.

'एक कमी आहे,' ती मुलीला सांगते,
'त्याचे पैसे नकोत.'