मला वळता येत नाही

हे आधीच सांगून टाकते,
कारण तुला वाटतं, मी बघीन, मी चुकवीन.
बसवाला चुकवतो. सायकलला बगल देतो,
रस्त्यात बसलेल्या हट्टी कुत्र्यालाही.
माझ्याखाली रूळ आहेत. ते नेतील तिकडे मी जाते
पन्नासेक टन घेऊन.

तांपेरेत नोव्हेंबरात चारलाच रात्र होते.
काळे कोट, काळ्या टोप्या, ओलं काळं डांबर;
माणूस कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली
ते माझ्या दिव्यांनाही पटकन कळत नाही.
म्हणून इथे बाहीला, पिशवीला
एक लोंबता तुकडा बांधतात.
प्लास्टिकचा, बिस्किटाएवढा. स्वतःचा उजेड नाही त्याला,
दुसऱ्याचा तेवढा परत करतो.

केबिनमधल्या पडद्यावर मागचा डबा दिसतो.
होदान बाबागाडी जागेवर लावते, चाकांचा ब्रेक दाबते,
मग, कुणी बघत नसताना, पुन्हा एकदा दाबते.
कॉलेजातला तो उंच पोरगा सॅक उतरवून पायांत घेतो,
मागच्या बाईंच्या नाकाची सुटका होते.
ओइवा आजोबा चालायच्या काठ्यांच्या टोकांना
जुने लोकरी मोजे चढवून येतात.
ब्याऐंशीचे आहेत; बसायला जागा दिली तर रागावतात.
खांब मात्र धरतात
होडीत वाढलेला माणूस धरतो तसा.
बोलत कुणीच नाही.
शांतता हीसुद्धा इथे सरकून दिलेली जागा असते.

काल थांबा आला, आणि तू आलास.
टोपडं डोक्यावर, कानांत गाणं,
डोळे माझ्याच दारावर,
कारण पाटीवर पुढची गाडी सात मिनिटांनी होती.
सात मिनिटं!
मी घंटा दिली. ती तुझ्या गाण्यात कुठेतरी
एक वाद्य होऊन बसली असेल.
मग मी होतं ते सगळं दाबलं.
रुळांवर वाळू सांडली, पोलाद किंचाळलं,
आणि तुझ्यात नि माझ्या काचेत हातभर हवा उरली.

इतकं तू पाहिलंस. न पाहिलेलं सांगते.
तुझ्यापाशी थांबलेला तो धक्का
आत गेला. कुठेतरी जाणारच होता.
कुणाची संत्री शेवटच्या दारापर्यंत घरंगळली.
होदानची गाडी तसूभर हलली नाही.
आजोबांचा हात खांबावरून सुटला,
कोपर दांड्यावर आपटलं,
त्या उंच पोराने त्यांना कॉलरला धरून उचललं
मांजर पिल्लाला उचलते तसं.

मी थांब्यावर आले, दार उघडलं.
तू चढलास, पांढराफटक. सगळे जमिनीकडे बघत राहिले.
ओइवा कोपर चोळत तुझ्याजवळ आले,
स्वतःच्या कोटावरचं चमकतं घुबड काढलं
आणि तुझ्या बाहीला लावू लागले.
पिन जुनी, बोटं त्याहून जुनी.
त्यांचे दोन्ही हात गुंतलेले बघून
तू एका हाताने खांब धरलास
आणि दुसऱ्याने त्यांना.

पिन लागेपर्यंत मी निघाले नाही.
एक मिनिट दहा सेकंद उशीर.
अर्जात कारण विचारलं होतं. ‘दार’ असं लिहिलं.

आज त्याच ठिकाणी लांबूनच
एक घुबड दिसलं. रुळाअलीकडे, थांबलेलं.
मी घंटा दिली, गरज नव्हती तरी.
पण ओइवा उतरून गेले तेव्हा
चार पावलांत अंधाराचे झाले,
आरशात शोधूनही सापडेनात.

डेपोत हरवलेल्या वस्तूंचं खोकं आहे.
त्यात छत्र्यांखाली असे कितीतरी उजेड
बिनधन्याचे पडलेत.
उद्या एक घेऊन येते.