पुन्हा सांगाल?

ग्रिम्स्बीच्या कॉलेजात, खोली नंबर चौदा,
दर बुधवारी दुपारी मी ऐकायला शिकवते.
कागदावर नाव भारदस्त आहे:
कामाच्या ठिकाणी परिणामकारक श्रवण.
पोरं अकरा. हीटर एक, तोही खोकणारा.

तक्ता म्हणतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघा.
मध्ये तोंड घालू नका.
अधूनमधून मान हलवा.
मान म्हटल्याबरोबर अकरा माना हलू लागतात
आणि मला दिसतो मिरजेच्या बाजारातला नंदीबैल,
पाठीवर झूल, शिंगांना गोंडे.
पोराला नोकरी लागेल का? गुबुगुबु, हो.
म्हातारीचा खोकला थांबेल का? हो.
इतका सज्जन श्रोता मी पुढे पाहिला नाही,
आणि त्याला एकही प्रश्न कळला नव्हता.

हे मी वर्गात सांगत नाही.
बैल समजावता समजावता तास संपेल.

आपल्याकडे ऐकणं म्हणजे कानानं घेणं
आणि ऐकणं म्हणजे सांगितलं ते करणं.
पोरगं ऐकत नाही, असं आपण म्हणतो
ते त्याचे कान ठणठणीत असतात तेव्हाच.
ऐकून घेणं हे आणखी तिसरंच.
ते मी इथे येऊन शिकले,
गोदीजवळच्या मासळीच्या कारखान्यात,
पांढरे गमबूट, केसांवर जाळी,
पट्ट्याच्या खडखडाटात ब्रेंडा काहीतरी ओरडायची,
अर्धे शब्द ती गिळायची, उरलेले पंखा.
मी म्हणायचे, येस, येस.

एका रात्री अशाच येस येसमध्ये
चारशे खोक्यांवर मी हॅडॉकचं लेबल लावलं.
आत कॉड होता.
ब्रेंडा त्या दिवशी ओरडली नाही.
माझ्याशेजारी येऊन बसली, हातमोजे काढले,
पहाटे चारपर्यंत आम्ही दोघी नखांनी लेबलं खरवडत होतो.
नाही कळलं तर विचारायचं की गं, म्हणाली.
तिचं ते पहिलं वाक्य
मला सबंध ऐकू आलं.

आज जोड्या लावल्या. इंद्रे साहेब झाली,
कॅलम ब्लँचर्ड नवा कामगार.
तो डोक्यावरची टोपी काढत नाही, खिडकीकडे बघतो,
सप्टेंबरपासून सात शब्द बोलला असेल.
इंद्रेनं चिठ्ठी वाचली घाईघाईनं:
थंड खोलीचं दार लावायचं, तीन नंबरचा माल बाहेर काढायचा,
सहाच्या आत, पॉलला सांगून,
पण दार लावल्यावर पॉल आत असेल.

दहा माना डोलल्या.

थांब, कॅलम म्हणाला. दाराच्या पुढचं कळलं नाही.
पुन्हा सांग.

वर्ग फिसकन हसला.
इंद्रेनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.
अरे, असं केलं तर पॉल आत कोंडला जाईल, म्हणाली.
चिठ्ठी मीच लिहिली होती, काल रात्री, भांडी घासून झाल्यावर.
तो पॉल मला मुळीच दिसला नव्हता.

गुणपत्रिकेत नजरेला शून्य. मानेला शून्य.
समासात मी पेन्सिलीनं एक चौकोन काढला,
त्यात दहा लिहिले.
तपासनीस खोडेल. खोडू दे.

निघताना दाराशी लेन भेटला, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
काहीतरी म्हणाला. वारा समुद्रावरून येत होता.
मी हसले, मान हलवली,
आणि निम्म्या पार्किंगमध्ये गेल्यावर लक्षात आलं:
गुबुगुबु.

परत वळले. त्यानं कडी लावली होती.
काचेवर टकटक केली,
पुन्हा सांगाल, म्हटलं.
त्यानं दार बोटभर उघडलं.
पायरीवर बर्फ आहे, म्हटलं होतं, जपून जा.

ती पायरी मी तोवर दोनदा तुडवली होती.