सुरी बघू

मुन्चारच्या बंदराला पहाटे होड्या लागतात
आणि सातला आमच्या टेबलांवर तारली येते,
बर्फातली, डोळे उघडे.
डोकं उडव, पोट काढ, धू, डब्यात निजव.
एका डब्यात पाच, शेपट्या एकीकडे.

गुनादी होता तेव्हा त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं.
तो पाठीमागे उभा राहायचा.
पाठीमागे कोणी उभं राहिलं
की हात आपले राहत नाहीत.
फळ्यावर: मिस्नातुन, तासाला अडतीस डबे.
खाली लाल रेघ.
तीन नंबरच्या मशीनचं झाकण नीट बसत नव्हतं,
आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, अकरा आठवडे.
कोणी बोललं नाही.
विचारलं कोणी होतं?

मग वुर्यानी आली.
उलट्या क्रेटवर बसली आणि म्हणाली,
"सुरी बघू तुझी."
अंगठ्यानं धार चाचपली. हसली नाही.
"हिनं तर रात्रीचा भातही कापला जायचा नाही."
दुपारी निसणा आला, होड्या दुरुस्त करणाऱ्याकडून मागून आणलेला.
रबरी बूटही आले, सगळे एकाच मापाचे,
तेवढं तिचं चुकलं.
तिसऱ्या दिवशी सुमिराह मशीनबद्दल बोलली, हळूच,
जणू स्वतःचाच गुन्हा कबूल करतेय.
चौथ्या दिवशी मेकॅनिक.

आकडा बावन्नवर गेला.
पगार तोच राहिला. हेही सांगते,
नाहीतर गोष्ट उगाच गोड होईल.

सुराबायाहून कागद आला:
कामात समाधानी आहात का?
एक ते पाच, गोल करा.
मी पेन धरून बसले, बोटांना खवले.
सुरीबद्दल प्रश्न नव्हता.
पाठीमागे कोण उभं असतं, तोही नव्हता.
तीनला गोल केला.
गुनादीच्या वेळीही तीनलाच केला होता.

बावन्न बघून त्यांनी वुर्यानीला वर नेलं,
काचेच्या खोलीत, पंख्याखाली.
तिथून ती हात करते.
आम्हीही करतो, सुरी खाली ठेवून.

उद्या नवा माणूस येतोय.
नाव अजून कोणाला माहीत नाही.
आज भांडी आवरून
मी निसणा पाण्यात भिजत घातला.
नवरा म्हणाला, आज सुट्टी ना तुला?
म्हटलं, हो.
आणि सुरी घासत राहिले,
एक बाजू, मग दुसरी,
अंगठा सांगेपर्यंत.