आधी मी बसते

पेद्रू माझ्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता.
सोबत जर्मनचं एक ताट, गोचिडांच्या पावडरीचा अर्धा डबा
आणि फिलोमिना आंटींच्या अक्षरातला कागद:
कांदा नाही. द्राक्षं नाहीत. चॉकलेट तर नाहीच.
फरशीवर नखं वाजायला लागली की कापायची.
बाकी तो सांगेल.

आंटी मरोळ गावठाणातल्या, क्रूसासमोरचं घर.
त्या गेल्यावर पुतण्या म्हणाला, वसईला माझ्याकडे तीन मांजरं.
म्हणून मी.

पहिले चार दिवस त्याने काहीच सांगितलं नाही.
पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून.
मी ओणवी होऊन हाका मारत होते, बिस्किटं सरकवत होते,
वरून डोक्यावर हात फिरवायला जात होते,
आणि तो जांभया देत होता.
मला वाटलं, झोप आली असेल.

झोप कसली, तळाशिलकर डॉक्टर म्हणाल्या,
त्याचा कान उलटा करून आत बघत.
जांभई म्हणजे, बाई, जरा मागे हो.
ओठ चाटतो म्हणजे मला भांडायचं नाहीये.
नजर वळवली तर तो उर्मटपणा नाही, अदब आहे.
आणि शेपटी हलली की खूश, हे डोक्यातून काढ.
ताठ उभी शेपटी, नुसतं टोक थरथरतंय,
तिथे हात घालायचा नाही.
गुरगुरला तर ओरडू नकोस त्याच्यावर.
गुरगुर बंद केलीस
तर चावणं तेवढं शिल्लक राहील.

रिक्षात बसल्यावर हे शेवटचं वाक्य माझ्यासोबत आलं.
'आवाज खाली' असं मला अकरा वर्षं सांगणारा एक माणूस होता.
एके दिवशी मी काही न बोलता बॅग भरली.
सगळे म्हणाले, अचानक कसं काय?

असो.

आता आम्ही सकाळी सहाला निघतो.
मे महिन्यात संध्याकाळीसुद्धा पेव्हर ब्लॉक तापलेले असतात,
मी उलटा तळहात जमिनीला टेकवून सात आकडे मोजते.
वॉचमन विचारतो, मॅडम, काही पडलं का?
मेट्रोच्या एका खांबाला आमची पाच मिनिटं जातात.
रात्री कोण येऊन गेलं, त्यात आजारी कोण, नवीन कोण,
तो सगळं नीट तपासतो.
मी दोरी सैल सोडून चपलेचा अंगठा बघत उभी.

लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचा विहंग अंगावरच यायचा.
त्याला सांगितलं, समोरून नको, बाजूने ये.
मूठ खाली ठेव. त्याला ठरवू दे.
आता तो पोरगा असा उभा राहतो
जणू आमच्याशी त्याचा संबंधच नाही,
आणि पेद्रू हळूच त्याची मूठ हुंगतो.

फक्त बसणं जमत नव्हतं.
बस म्हटलं, बैठ म्हटलं, सिट म्हटलं,
शेवटी हात जोडले.
चिकनचा तुकडा नाकावरून मागे नेला;
तो तुकड्याकडे बघत उभा, मग माझ्याकडे बघत उभा.
सांधे दुखत असतील म्हणून एक्स-रे काढला.
सांधे वयाच्या मानाने माझ्यापेक्षा बरे.

वसईला फोन लावला. कॅजिटन हसायलाच लागला.
आंटी त्याला कधी बस बोललीच नाय, म्हणाला.
संध्याकाळची कामं आटपली की ती ओट्यावर बसायची.
ती बसली, की तो बसायचा.

फोन ठेवला. कुकर लावायचा होता, कपडे काढायचे होते,
विमान इतकं खालून गेलं की खिडकीची काच वाजली.
काम नसताना मी शेवटची कधी बसले होते, आठवेना.
ओल्या हातांनीच गॅलरीत फरशीवर टेकले.

तो आला.
एक गिरकी घेतली, दुसरी अर्ध्यात सोडली,
आणि माझ्या मांडीला पाठ लावून,
तोंड रस्त्याकडे करून, बसला.

पाठ का लावली,
हे मी अजून डॉक्टरांना विचारलेलं नाही.